लहान व्यवसायाने सर्व्हर कधी आणि कसा बदलावा
सर्व्हर, म्हणजे कार्यालयातील सर्वांची माहिती सांभाळणारा मुख्य संगणक, मंद वाटू लागला की लगेच नवा मागवण्याआधी, ऐन कामाच्या वेळी टास्क मॅनेजर उघडून रॅम आणि डिस्क यांवरील ताण पाहावा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (अधिक वेगवान डिस्क) बसवल्याने तेच यंत्र आणखी काही वर्षे चालू शकते. सुरक्षा अपडेट थांबली असतील, तर मात्र हा इलाज पुरत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीच्या नियमित सुरक्षा अपडेटची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली असून विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७ पर्यंतच आहे.

बदलासाठी मार्चअखेर टाळावी आणि जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांनी २० तारखेनंतरचा शनिवार-रविवार निवडावा. जुन्याच यंत्रावर नवी प्रणाली चढवण्यापेक्षा नवे यंत्र शेजारी उभे करणे केव्हाही बरे. हिशेबासाठी टॅली वापरत असल्यास जुन्या यंत्रावरचे लायसन्स आधी सरेंडर करावे, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवावे लागते, हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो नव्या यंत्रावर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) जुन्याशी पैपैने जुळतो का, हे तपासावे. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड रचना म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. जुना सर्व्हर महिनाभर बंद करून ठेवावा आणि भंगारात देताना त्यातील डिस्क काढून घ्यावी.