शहराचा उद्योग-आराखडा अडतो कुठे? व्यावसायिकांना सोबत घेताना या चुका टाळा

लहान शहराचा आर्थिक आराखडा बहुधा संकटात जन्माला येतो. एखादा कारखाना बंद पडतो, बाजारपेठेतले गाळे रिकामे दिसू लागतात, ओरड होते. मग सल्लागार नेमला जातो, सभागृहात बैठक होते, फोटो निघतात आणि सहा महिन्यांनी जाडजूड अहवाल येतो. त्यात ‘गुंतवणूकस्नेही वातावरण’ पानोपानी असतं. शहरात आज कोणते धंदे चालतात, ते किती घरं चालवतात आणि त्यातले कोणते पुढच्या दोन वर्षांत उठून जाण्याच्या बेतात आहेत, हे मात्र शोधून सापडत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

मोठ्या कंपनीची वाट पाहत बसणं

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे, वस्ती तीस हजारांच्या आत. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीनं तिथे १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या जाहीर केल्या. राज्यानं सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. गावानं कर्ज उभारून जमिनी घेतल्या, रस्ते बांधले, पाण्याच्या वाहिन्या टाकल्या, घरं हलवली. २०२१ मध्ये करार नव्यानं झाला तेव्हा नोकऱ्यांचा आकडा १,४५४ आणि गुंतवणुकीचा ६७.२ कोटी डॉलर झाला होता. राज्याच्या सवलती प्रत्यक्ष नोकऱ्यांना आणि गुंतवणुकीला बांधलेल्या होत्या, त्यामुळे त्याही ८ कोटी डॉलरपर्यंत खाली आल्या. जमिनीखाली गेलेले पाइप मात्र असे परत काढता येत नाहीत. पुढे तिथे मायक्रोसॉफ्टनं डेटा सेंटरसाठी (संगणकांचं मोठं गोदाम, जिथे थोडीच माणसं लागतात) जमीन घेतली, म्हणजे जागा वाया गेली असं नाही. पण १३,००० कामगारांच्या कारखान्याची भरपाई डेटा सेंटरनं होत नाही.

अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये अशा सवलतींवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की सवलत मिळालेल्या शंभर कंपन्यांपैकी साधारण २ ते २५ कंपन्यांचाच निर्णय त्या सवलतीमुळे ठरतो. बाकीच्या तशाही आल्या असत्या. म्हणजे शहर बहुतेक पैसे अशा गोष्टीसाठी मोजतं जी फुकट मिळणार होती.

यावरचा उपाय ‘मोठ्यांना दारच बंद’ असा नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती हप्त्यानं द्या, नोकऱ्या पगारपत्रकावर दिसल्यानंतर द्या, आणि शब्द पाळला नाही तर सवलत परत घेण्याचं कलम करारात घाला. खर्च शक्यतो अशा कामांवर करा जी कंपनी निघून गेली तरी शहराच्या उपयोगी पडतील: रस्ता, पाणी, कामगारांचं प्रशिक्षण. या अटी ऐकून समोरचा नाराज झाला, तर काय समजायचं ते वेगळं सांगायला नको.

उलट वाटेनं गेलेलं एक शहर म्हणजे अमेरिकेच्याच कोलोरॅडो राज्यातलं लिटलटन. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मोठ्या कंपनीनं हजारोंची कपात केली, तेव्हा नगर परिषदेनं नव्या कंपनीमागे धावायचं नाही असं ठरवलं. शहराचे उद्योगविषयक अधिकारी क्रिस गिबन्स यांच्या पुढाकारानं त्यांनी आहे त्या वाढत्या उद्योगांना खतपाणी घालायला सुरुवात केली आणि या पद्धतीला ‘आर्थिक बागकाम’ म्हटलं. मोठ्या कंपनीकडे बाजाराचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग असतो. वीस माणसांच्या कंपनीकडे तो नसतो. तो विभाग शहरानं पुरवला. ग्राहक कुठे आहेत, स्पर्धक काय करतात, कोणत्या भागात मागणी वाढते आहे, ही माहिती नकाशे आणि याद्यांसह हातात दिली. १९९० मध्ये शहरात सुमारे १५,००० नोकऱ्या होत्या, पंधरा वर्षांत त्या जवळजवळ दुप्पट झाल्या. लिटलटन डेन्व्हर या मोठ्या शहराला लागून आहे आणि त्या काळात तो सगळा परिसरच वाढत होता, त्यामुळे सगळं श्रेय बागकामाला देता येणार नाही. तरीही हा मार्ग स्वस्त होता. फसला असता तरी शहर कर्जात बुडालं नसतं.

‘लहान’ आणि ‘वाढणारा’ यांत गल्लत

१९७९ मध्ये संशोधक डेव्हिड बर्च यांनी अमेरिकेतल्या बहुतांश नव्या नोकऱ्या लहान उद्योगांतून येतात असं मांडलं आणि जगभरच्या आराखड्यांत ‘लघुउद्योगांना प्रोत्साहन’ हे प्रकरण कायमचं बसलं. २०१३ मध्ये हॉल्टिवँगर, जार्मिन आणि मिरांडा या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की आकारापेक्षा वय महत्त्वाचं: कंपनीचं वय लक्षात घेतलं की आकाराचा फायदा जवळजवळ उरत नाही. नव्या नोकऱ्या तरुण कंपन्या देतात, आणि त्यातल्याही बऱ्याच लवकर बंद पडतात. वीस वर्षं दोनच माणसांवर चालणारं दुकान शहराला हवंच असतं, पण त्याला वेळेवर परवाना आणि दारासमोर नीट रस्ता हवा असतो. तीन वर्षांत चारवरून पंचवीस माणसांवर गेलेल्या कार्यशाळेला मोठी जागा, जास्त वीजजोडणी आणि हिशेब सांभाळणारा माणूस हवा असतो. दोघांना एकाच योजनेतून थोडं थोडं वाटलं की दोघांच्याही उपयोगाचं काही उरत नाही.

बैठकीला दरवेळी तेच दहा चेहरे

हे लक्षण ओळखीचं आहे. व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, दोन बांधकाम व्यावसायिक, एक बँक अधिकारी, आणि प्रत्येक बैठकीत पार्किंगवरच बोलणारे एक गृहस्थ. (पार्किंगचा प्रश्न खरा असतो, पण दोन तास त्याच्याच नावावर जातात.) प्रशासन म्हणतं, ‘आम्ही सगळ्यांना बोलावलं, लोक येत नाहीत.’

लोक का येत नाहीत? ज्याचा धंदा वाढतो आहे त्याला सकाळी अकराला सभागृहात बसायला वेळ नसतो. ज्याचा धंदा अडचणीत आहे त्याला ते चारचौघांत सांगायचं नसतं, कारण समोर त्याचे स्पर्धक आणि ज्यांचे पैसे तो देणं लागतो ते बसलेले असतात. भाड्याच्या जागेतला माणूस संघटनेचा सभासदच नसतो. घरातून काम करणाऱ्या बायकांची नोंद कुठल्याच यादीत नसते. आणि कर वसूल करणारा अधिकारी त्याच टेबलावर असेल, तर खरी उलाढाल कोण सांगेल?

इलाज जुनाच आहे: बोलावू नका, जा. उत्तर अमेरिकेतल्या अनेक लहान शहरांत नगरपालिकेचा एक कर्मचारी आणि एक स्थानिक स्वयंसेवक अशी जोडी उद्योगांना त्यांच्या जागेवर जाऊन भेटते. चाळीस-पन्नास भेटी झाल्या की चित्र दिसू लागतं. अटी दोनच, प्रश्न सगळ्यांना सारखे हवेत, आणि ‘शासनाकडून आपल्या काय अपेक्षा?’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर कर कमी करा, रस्ते सुधारा एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: जागेचा करार कधी संपतो? सगळ्यात मोठा ग्राहक एकच आहे का? शेवटचा माणूस नेमायला किती दिवस लागले? बाहेरून काय मागवता जे इथे मिळालं तर घ्याल? आणि तुमच्यानंतर हा धंदा कोण बघणार?

शेवटच्या प्रश्नाकडे हमखास दुर्लक्ष होतं. चांगले चालणारे कितीतरी धंदे तोट्यामुळे बंद होत नाहीत. मालक साठीच्या पुढे जातो, मुलं दुसरीकडे स्थिरावलेली असतात आणि एक दिवस शटर खाली येतं. दोन-तीन वर्षं आधी कळलं तर जुना कामगार, तिथलाच दुसरा उद्योजक किंवा कामगारांची सहकारी संस्था तो धंदा चालवायला घेऊ शकते. शटर पडल्यावर फक्त यंत्रांचा लिलाव होतो.

भेटीत कळलेल्या लहान अडचणीवर ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते ‘हे आमच्या हातात नाही’ असं का असेना. अडलेली फाईल, बंद पथदिवा, चुकीच्या ठिकाणची ‘प्रवेश बंद’ची पाटी. अशा चार गोष्टी सुटल्या की पुढच्या भेटीत दार उघडतं. पन्नास जणांना प्रश्न विचारून गप्प राहण्यापेक्षा न विचारलेलं बरं. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा उत्तर देत नाही.

निविदेला स्थानिक येत नाहीत

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नगरपालिका, रुग्णालय, महाविद्यालय हे शहरातले मोठे खरेदीदार असतात, आणि आराखडा त्यांना सोडून सगळीकडे ग्राहक शोधतो.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराचा ७० कोटी पाउंडचा मॉल-प्रकल्प २०११ मध्ये कोसळला. त्यानंतर शहरानं आपल्या मोठ्या संस्थांची खरेदी तपासायला घेतली. २०१२-१३ मध्ये सहा संस्थांच्या खरेदीतले फक्त ५ टक्के, म्हणजे सुमारे ३.८ कोटी पाउंड, शहरात राहत होते. २०१६-१७ पर्यंत हा वाटा १८.२ टक्क्यांवर, सुमारे ११.२ कोटी पाउंडवर गेला, आणि तोही संस्थांचा एकूण खर्च घटलेला असताना. यात जादू काही नव्हती. मोठी कंत्राटं तुकड्यांत विभागली गेली, त्यामुळे परिसरातल्या लहान पुरवठादारांना ती पेलवू लागली.

तुमच्याकडे निविदेला स्थानिक येत नसतील तर आधी कागद तपासा. मागितलेली वार्षिक उलाढाल कामाच्या मानानं अवाजवी आहे का? अनामत किती? बिल किती दिवसांत मिळतं? लहान धंद्याला चार महिने थकलेलं बिल बुडवू शकतं, त्यामुळे शहाणा माणूस अर्जच करत नाही. मात्र ‘फक्त स्थानिकांनाच’ अशी अट घालू नका. कायद्यात ती अडकू शकते, आणि दोन-तीनच पुरवठादार उरले की ते आपसांत दर ठरवून घेतात.

बाजारपेठ सजवली, गिऱ्हाईक आलं नाही

कॅनडातल्या टोरांटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारपेठेत भुयारी रेल्वे आणि मॉलमुळे गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा दुकानदारांनी १९७० मध्ये स्वतःवर सक्तीची वर्गणी लावून घेण्याची व्यवस्था उभी केली. पुढे ती जगभर पसरली. सक्ती यासाठी की स्वेच्छेच्या वर्गणीत मोजके जण पैसे देतात आणि फायदा पूर्ण रस्ता घेतो. नक्कल करणारे इथे घसरतात. ते दिवे आणि कमानी घेतात, पण वर्गणी कशावर खर्च होईल हे ठरवण्यात भाडेकरू दुकानदाराला मत देत नाहीत, आणि शेवटी ती वर्गणी त्याच्याच भाड्यात चढते.

आराखडा आधीच झाला आहे आणि अडला आहे

तो रद्द करून नवा करायची गरज नसते. आहे तो घ्या आणि ज्या कामापुढे माणसाचं नाव, तारीख आणि पैशाची सोय नाही त्यावर पेन्सिलनं काट मारा. साठ कामांतली पाच-सहा उरतील. तेवढीच घेऊन ज्यांच्याकडे भेटीला गेला होतात त्यांच्याकडे पुन्हा जा आणि विचारा, यातलं पहिलं कोणतं. पुढे मोजताना झालेल्या बैठका आणि जाहीर झालेल्या नोकऱ्या धरू नका. वर्षाखेरी प्रत्यक्ष पगारावर असलेली माणसं, त्यांचा पगार आणि बंद झालेल्या धंद्यांची कारणं लिहून ठेवा. कारणांची ही वही कोणी तरी एकानं सांभाळायची असते, आणि त्याची बदली झाली तर ती पुढच्याच्या हातात द्यायची असते.