सोनोग्राफीच्या खोलीत युजर रिसर्च कसा करावा

रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर किंवा अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवायला घेतलं की बहुतेक टीम युजर रिसर्चसाठी, म्हणजे वापरणारे काम कसं करतात ते समजून घ्यायला, ‘अल्ट्रासाउंड टेक्निशियन’च्या मुलाखती घ्यायला निघतात. अमेरिकेत ते चालून जातं. तिथे स्कॅन सोनोग्राफर, म्हणजे असा प्रशिक्षित टेक्निशियन, करतो आणि डॉक्टर मागाहून चित्रं पाहून रिपोर्ट देतो. महाराष्ट्रात मात्र प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा भाग, रेडिओलॉजिस्टच्या किंवा नोंदणी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या हातात असतो, आणि बाकीचं काम वाटलेलं असतं. रिसेप्शनवर फॉर्म भरले जातात, मदतनीस पेशंटला झोपवते, टायपिस्ट आकडे उतरवून घेतो. म्हणून सेंटरवर कोण कशाला हात लावतं याची यादी आधी करा. तुमचा युजर एकटा नाही.

मग परवानगी. इथे घाई नको. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या कोणालाही सोनोग्राफी मशीन विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. त्यामुळे ऑफिसात मशीन आणून चाचणी घेऊ, हा विचार सोडा. काम सेंटरवर जाऊनच करायचं. हॉस्पिटल असेल तर तिथल्या एथिक्स कमिटीला विचारा. फोन बाहेर ठेवा, वही-पेन पुरे. पेशंटला तुम्ही कोण ते सांगून संमती घ्या, आणि तिने जरा जरी कां-कूं केली तरी उठून बाहेर या. आतून करायच्या तपासणीला तर थांबायचंच नाही.

आता बसा आणि बघा. डॉक्टरचा उजवा हात प्रोबवर, डावा ट्रॅकबॉलवर, डोळे स्क्रीनवर. तोंडाने चालू असतं, “राइट किडनी नऊ पॉइंट आठ बाय चार पॉइंट दोन.” मागे टायपिस्ट आधीच्या पेशंटची फाइल उघडून तिच्यातच आकडे बदलतो. म्हणूनच कधीतरी पित्ताशय काढून टाकलेल्या माणसाच्या रिपोर्टात ‘पित्ताशय नॉर्मल’ छापून येतं. हे मुलाखतीत कोणी सांगणार नाही, पाठीमागे बसूनच दिसेल.

रांगेकडेही बघा. सकाळी पोटाच्या तपासणीसाठी उपाशी आलेले, त्यांच्यात पाणी पिऊन लघवी रोखून बसलेले. सात नंबरची लघवीची पिशवी भरलेली नाही आणि बारा नंबरला दम निघत नाही, मग टोकनचा क्रम कोण पाळणार? अठरा-वीस आठवड्यांच्या स्कॅनला बाळ पाठ करून बसलं की आईला “जरा चालून या” सांगतात. तिची तपासणी अर्धवट राहते, मध्ये दुसरा पेशंट झोपतो. अशा वेळी मशीनवर कोणाचं नाव आहे ते पाहून टिपून ठेवा.

डॉक्टरचा खांदा विसरू नका. प्रोबचा हात अंगापासून किती दूर जातो, पेशंट टेबलाच्या कडेला सरकवला जातो का, याचं साधं रेखाचित्र काढा. दुखणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारल्यावर आठवतही नाही.

प्रश्न नंतर. “काय अडचणी येतात?” असं विचारलंत तर “काही नाही, चाललंय” एवढंच मिळेल. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाला येते: मत नको, घडलेला प्रसंग विचारा. “शेवटचा कोणता रिपोर्ट पुन्हा टाइप करावा लागला? कशामुळे?” टायपिस्टशी वेगळं बोला, सरांसमोर तो तोंड उघडणार नाही.

एक भेट महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ठेवा. गर्भवतींच्या तपासण्यांचा मासिक अहवाल पाच तारखेपर्यंत द्यायचा असतो, तेव्हा फॉर्म एफचे, म्हणजे याच कायद्याखाली गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीसाठी भरायच्या नोंदीच्या फॉर्मचे, गठ्ठे टेबलावर येतात. नोंदीतली त्रुटी ही नुसती कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे एकच फॉर्म दोघं-तिघं तपासतात. त्यातले रकाने कमी करा असं सुचवू नका, ते कायद्याचे आहेत. पेशंटचं एकच नाव रजिस्टर, फॉर्म, मशीन आणि रिपोर्ट अशा चार ठिकाणी लिहिलं जातं, सुटका तिथे शोधा.

शेवटी एका पेशंटचा दारातून आत येण्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंतचा प्रवास लांब कागदावर काढा. कोण कोणासाठी थांबलं, काय दुसऱ्यांदा लिहिलं गेलं, तिथे लाल खूण करा. पेशंटची नावं त्यावर नकोत. तो कागद सेंटरवर परत नेऊन प्रत्येकाला आपापल्या पेनाने दुरुस्त करू द्या, आधी टायपिस्टला आणि मग डॉक्टरांना. दोघांच्या दुरुस्त्या जिथे जुळत नाहीत, तिथे आणखी एक सकाळ बसा.