क्वांटम एरर करेक्शन शिकताना या चुका टाळा

क्वांटम एरर करेक्शन, म्हणजे क्युबिटमधल्या (क्वांटम संगणकातल्या बिटांमधल्या) चुका पकडून दुरुस्त करणं, शिकायला घेतलं की पहिलं सर्किट बहुतेक तीन क्युबिटचंच असतं. ते चालतं, उत्तर बरोबर येतं आणि विषय हाती लागला असं वाटतं. पण मुळात चुकलेलं सर्किटही इथे बरोबर उत्तर देऊ शकतं. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते हेच.

फक्त ० आणि १ देऊन तपासणं

तीन क्युबिटच्या कोडमध्ये अ|०⟩ + ब|१⟩ ही अवस्था अ|०००⟩ + ब|१११⟩ अशी पसरवतात; अ आणि ब म्हणजे मिश्रणात ० आणि १ यांचा वाटा किती ते सांगणारे आकडे. यातला एखादा क्युबिट उलटला तर तो ओळखायचा कसा? साध्या संगणकाची सवय असलेला माणूस तिन्ही क्युबिट मोजतो आणि बहुमत घेतो. इनपुट ० दिलं तर ० मिळतं, १ दिलं तर १. मुद्दाम एक क्युबिट उलटवून पाहिला तरी उत्तर बरोबरच.

आता इनपुटच्या ० ला हॅडामार्ड गेट लावून प्लस अवस्था, म्हणजे ० आणि १ यांचं समसमान मिश्रण, द्या आणि डिकोड केल्यावर पुन्हा हॅडामार्ड लावून मोजा. सर्किट ठीक असेल तर दर वेळी ० यायला हवा. तिन्ही क्युबिट मोजणाऱ्या सर्किटमध्ये साधारण निम्म्या वेळा १ येतो. मोजताक्षणी अ आणि ब यांची सांगड तुटली. आधीच्या चाचण्यांत दोघांपैकी एक शून्यच होता, तुटायला काही नव्हतंच, म्हणून नुकसान दिसलं नाही.

विचारायचं असतं ते एवढंच: पहिला आणि दुसरा सारखे आहेत का? दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का? ही दोन उत्तरं अँसिला, म्हणजे मदतीला घेतलेल्या जादा क्युबिटवर घ्यायची. सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. पहिला बिघडला तर १०, मधला बिघडला तर ११, तिसरा बिघडला तर ०१, आणि सगळं ठीक असेल तर ००. हा झाला सिंड्रोम. त्यात अ किंवा ब यांचा मागमूस नसतो, म्हणूनच ते शाबूत राहतात. चूक कुठे झाली हे सिंड्रोमने सांगावं, साठवलेल्या माहितीबद्दल मात्र चकार शब्द काढू नये. तुमच्या सर्किटमधलं प्रत्येक मापन या एका कसोटीवर घासून पाहा.

याच्याच जोडीचा गैरसमज म्हणजे एनकोडिंग करताना तीन प्रती काढल्या जातात. अनोळखी क्वांटम अवस्थेची प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ साली दाखवलं. खरोखरच तीन प्रती असत्या तर गुणाकारात आठ पदं आली असती. इथे दोनच आहेत.

मधला दुरुस्त होतो, कडेचे होत नाहीत

हे लक्षण दिसलं तर गणित पुन्हा करत बसू नका, आधी बिटांचा क्रम बघा. किस्किट (आयबीएमचं क्वांटम प्रोग्रामिंगचं साधन) निकाल छापताना शून्य क्रमांकाचा बिट उजव्या टोकाला ठेवतं. तुम्ही डावीकडून वाचलंत तर १० चं ०१ होतं, ११ मात्र ११ च राहतं. मग पहिला क्युबिट बिघडल्यावर दुरुस्ती तिसऱ्यावर होते, दोन क्युबिट उलटे होतात आणि बहुमतच चुकीच्या बाजूला जातं.

फेज विसरणं

तीन क्युबिटचा हा कोड बिट उलटण्यापासून वाचवतो, फेज, म्हणजे अ आणि ब यांच्यामधलं अधिक-उणे चिन्ह, उलटण्यापासून नाही. उलट तिथे तो नुकसानच करतो: तिघांपैकी कोणाचीही फेज उलटली तरी तिघांत मिळून साठवलेल्या संपूर्ण लॉजिकल क्युबिटची उलटते. एका क्युबिटला ही शक्यता १ टक्का असेल, तर एनकोड केल्यावर ती सुमारे २.९ टक्के होते. दोन्ही प्रकारच्या चुका पकडण्यासाठी पीटर शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्युबिटचा कोड मांडला. पुढे स्टीन यांचा सात क्युबिटचा आणि नंतर पाच क्युबिटचाही कोड आला.

चूक अर्धवट कोनातली असेल तर काय, ही धास्ती मात्र सोडून द्या. सिंड्रोम मोजला की अवस्था एकतर ‘चूक नाही’ किंवा ‘पूर्ण चूक’ अशा दोनपैकी एका बाजूला पडते. कोन लहान असेल तर बहुतेक वेळा पहिलीच बाजू मिळते.

अँसिला रीसेट न करणं

एकच चूक तशीच ठेवून सिंड्रोम मोजण्याच्या फेऱ्यामागून फेऱ्या चालवल्या आणि सिंड्रोम १, ०, १, ० असा हेलकावे खाऊ लागला, तर अँसिला आधीच्या फेरीचा निकाल घेऊनच पुढे जातोय. दर फेरीला तो शून्यावर आणा, नाहीतर लागोपाठच्या दोन निकालांचा एक्सऑर (सारखे तर ०, वेगळे तर १) घ्या.

कागदावरच्या आकड्यावर विसंबणं

प्रत्येक क्युबिट १ टक्का वेळा उलटतो असं धरलं, तर तीन क्युबिटच्या कोडचं अपयश सुमारे ०.०३ टक्के निघतं. आकडा खरा आहे, पण तो गेट आणि मापन निर्दोष मानून काढलेला. प्रत्यक्षात सीनॉट हे दोन क्युबिटना जोडणारं गेटही चुकतं आणि अँसिलाचं वाचनही. त्यामुळे एकाच फेरीच्या सिंड्रोमवर भरवसा ठेवून दुरुस्ती करू नका. फेऱ्या अनेक घ्या आणि डिकोडरला, म्हणजे सिंड्रोमवरून चूक ओळखणाऱ्या प्रोग्रामला, सगळ्यांचा मिळून विचार करू द्या. सिम्युलेटरमध्येही गेट आणि मापनाचा नॉइज, म्हणजे त्यांच्या चुका, घाला.

शिवाय कोड मोठा केला की परिणाम सुधारतोच असं नाही. सरफेस कोडमध्ये, म्हणजे क्युबिट जाळीत मांडून केलेल्या कोडमध्ये, प्रत्येक क्रियेतल्या चुकीचं प्रमाण साधारण १ टक्क्याच्या खाली असावं लागतं. त्याच्या वर असेल तर क्युबिट वाढवल्याने चुकाच वाढतात. गूगलच्या विलो या क्वांटम चिपवर २०२४ मध्ये कोडचं अंतर (कमीत कमी किती क्युबिट चुकले की चूक पकडली न जाता निसटू शकते तो आकडा) ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केल्यावर लॉजिकल चुकीचं प्रमाण दर पायरीला निम्म्याहून खाली आलं. तुमच्या सिम्युलेशनमध्येही अंतर ३ आणि ५ दोन्ही चालवून बघा. ५ चा निकाल ३ पेक्षा वाईट आला तर डिकोडरला हात लावण्याआधी नॉइजचे आकडे तपासा.