चार माइक आणि दोनच आवाज

एडिटिंगच्या पहिल्या नोकरीत चौघांची चर्चा थेट प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे आलं. विंडोजचा संगणक, चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारा डबा. इंटरफेसवर चारही माइकचे दिवे हलत होते, सॉफ्टवेअरमध्ये मात्र पहिले दोनच दिसत होते. मी केबल बदलल्या, ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा घातला. पाहुण्यांचा दुसरा चहा झाला तरी आवाज दोनच.

चूक एका ओळीत होती. प्रेफरन्सेसमधल्या 'ऑडिओ हार्डवेअर'मध्ये डिव्हाइस क्लास 'एमएमई' राहिला होता. ही विंडोजची आवाज आत-बाहेर नेण्याची जुनी पद्धत. तिच्यात बरेच इंटरफेस १-२, ३-४ अशा सुट्या जोड्यांत दिसतात आणि एका वेळी एकच जोडी निवडता येते. तिथे 'एएसआयओ' निवडलं की चारही इनपुट एकत्र मिळतात. स्टाइनबर्ग या ऑडिओ सॉफ्टवेअर कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत वापरायची तर शक्यतो इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घाला.

एवढं केल्यावरही ट्रॅक आपोआप जोडले जात नाहीत. प्रत्येक माइकसाठी मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक घ्या, ऑडिओ ट्रॅक मिक्सरमध्ये त्याचं इनपुट निवडा, तो ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार करणारं 'आर' दाबा. मग खालचं रेकॉर्डचं बटण आणि त्यानंतर प्ले. स्पीकर चालू असतील तर 'म्यूट इनपुट ड्युरिंग टाइमलाइन रेकॉर्डिंग' आधी टिकमार्क करा, नाहीतर शिट्टी वाजते.

मीटर हलतोय पण ऐकू येत नाही, अशी तक्रार नवे लोक फार करतात. मीटर हलतोय म्हणजे सॉफ्टवेअरपर्यंत सगळं ठीक आहे. पुढे 'ऑडिओ हार्डवेअर'मधलं 'आउटपुट मॅपिंग' बघा. डावा-उजवा आवाज बहुधा हेडफोन नसलेल्या ३-४ आउटपुटवर गेलेला असतो.

सॅम्पल रेटकडे, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याकडे, मी सर्वांत जास्त लक्ष देते. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, आणि तो इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलवर व सीक्वेन्समध्ये (टाइमलाइनच्या सेटिंगमध्ये) सारखाच हवा. ४४.१ वर घेतलेला आवाज ४८ समजून वाजला तर तासाभराची चर्चा साधारण ५५ मिनिटांत संपते. आवाजाची पट्टी चढते, ओठ जुळत नाहीत. हे अगदी शेवटी लक्षात आलं की सगळं पुन्हा बसवावं लागतं.

वेगळ्या रेकॉर्डरवरची बहुचॅनेल फाइल आली तर ती टाइमलाइनवर टाकण्याआधीच 'मॉडिफाय'मधल्या 'ऑडिओ चॅनेल्स'मध्ये जाऊन चार मोनो करून घ्या. टाइमलाइनवर आधीच ठेवलेल्या क्लिपला नंतरचा बदल लागत नाही. त्या दिवसापासून मी कोणत्या इनपुटवर कोण बसलंय ते कागदावर लिहून घेते आणि रेकॉर्डिंग सुरू होताच प्रत्येकाला स्वतःचं नाव बोलायला सांगते.