नेपाळमध्ये स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी

परदेशात जाऊन काही महिने विनावेतन इंग्रजी शिकवण्याची इच्छा असलेल्या मराठी माणसाला नेपाळ सर्वांत सोयीचा वाटतो. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरीच आहे आणि मुंबईहून रेल्वेने गोरखपूर गाठून सोनौलीच्या सीमेवरून रस्त्याने आत जाता येते. या सोयीमुळेच तयारी अर्धवट राहते. कोणत्या शाळेत, कोणत्या शिक्षकाच्या सोबतीने, कोणत्या इयत्तेला आणि कोणत्या पाठ्यपुस्तकातून शिकवायचे, हे घरातून निघण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. बाकीची सारी तयारी त्यानंतरची.

सर्वाधिक वेळ संस्थेच्या निवडीला द्यावा. काठमांडू आणि पोखरा परिसरातील ‘अनाथालयां’त मुलांना शिकवण्याची संधी देणाऱ्या जाहिराती आकर्षक असतात, परंतु अशा बालगृहांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, अनेकदा दोघेही, हयात असतात. चांगल्या शिक्षणाचे आमिष दाखवून डोंगराळ जिल्ह्यांतून मुले आणायची आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर गृह चालवायचे, असा हा व्यवहार असल्याचे वारंवार उघड झाले आहे. 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने त्याविषयी जाहीर इशारा दिला होता आणि ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा हा विषय तेथील संसदेपर्यंत पोहोचलेला होता. त्यामुळे निवासी बालगृहाचा प्रस्ताव कितीही कळवळ्याने मांडलेला असला तरी तो नाकारावा आणि मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशी शाळाच निवडावी.

शाळांमध्येही सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक विद्यालये आणि तेथे सरसकट ‘बोर्डिङ स्कूल’ म्हटल्या जाणाऱ्या खासगी शाळा असे दोन प्रकार आहेत. खासगी शाळांत माध्यम बहुधा इंग्रजीच असते, त्यामुळे स्वयंसेवकाची खरी गरज सामुदायिक विद्यालयांत असते. 2015 च्या संविधानाने माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण स्थानिक पालिकांच्या अधिकारात दिले आहे. म्हणून केवळ मध्यस्थ संस्थेच्या पत्रावर विसंबून न राहता मुख्याध्यापकांचे संमतिपत्र मागावे आणि पालिकेच्या शिक्षण शाखेला आपल्या येण्याची कल्पना दिली आहे का, हे विचारावे. मध्यस्थ संस्था शुल्क आकारत असेल तर त्यातील किती रक्कम यजमान कुटुंबाला आणि किती शाळेला जाते, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. तुमच्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला न मागणारी संस्था इतरांकडेही तो मागत नसणार, हे ओळखून सावध व्हावे. महाराष्ट्रात हा दाखला पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळवता येतो. तो मागितला नसला तरी सोबत न्यावा.

वेळेची निवडही शाळेच्या पंचांगावरून करावी. नेपाळचे शैक्षणिक वर्ष विक्रम संवताच्या वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याच्या सुमारास सुरू होते, वार्षिक परीक्षा त्याच्या तोंडावर असतात आणि दसैं व तिहार या सणांची मोठी सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येते. गिर्यारोहणाचा हंगामही नेमका तोच असल्याने पुष्कळ उत्साही लोक तेव्हाच येतात आणि बंद शाळेचे फोटो काढून परततात. तिहार आटोपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ कामाला चांगला. मात्र उंचावरच्या गावांत हिवाळी सुट्टी असते, तिच्या तारखा आधी विचाराव्यात. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर वर्ग हाती घेण्याऐवजी तेथील शिक्षकाला संभाषणाच्या सरावात मदत करण्याचे काम मागणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आता प्रत्यक्ष अध्यापनाकडे वळू. भक्तपूरजवळच्या सानोठिमी येथील पाठ्यक्रम विकास केंद्र शालेय पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देते. आपल्या इयत्तेचे इंग्रजीचे पुस्तक उतरवून घेऊन त्याचे निदान पहिले चार पाठ निघण्यापूर्वी तयार करावेत. प्रशिक्षण घेतलेले नसेल तर 120 तासांचा अभ्यासक्रम ही सर्वसाधारण अपेक्षा असते. पण केवळ ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा, ज्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवून घेतात असा अभ्यासक्रम कधीही श्रेयस्कर. ते शक्य नसल्यास जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत परवानगी घेऊन महिनाभर एखादा तास घ्यावा. चाळीस मुलांसमोर आवाज कसा टिकवायचा, हे पुस्तकातून कळत नाही.

मराठी शिक्षकाला येथे एक खास लाभ आहे. मराठीप्रमाणे नेपाळीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘अ’ किंवा ‘द’सारखी उपपदे नाहीत, त्यामुळे मुले कोठे अडखळतील याचा अंदाज आपल्याला स्वतःच्या शालेय अनुभवावरून येतो. फरक आहे तो सर्वनामांत. नेपाळीत ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी एकच सर्वनाम चालत असल्याने मुले ‘ही’ आणि ‘शी’ यांची हमखास अदलाबदल करतात. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून हे सुटत नाही. प्रत्येक मुलाला घरातील दोन माणसांची चित्रे काढायला सांगावीत. मग एकाने चित्र उंच धरून ‘शी इज माय सिस्टर, शी इज ट्वेल्व्ह’ असे म्हणावे, शेजारच्याने चित्र न पाहता ‘हाउ ओल्ड इज शी?’ असे विचारावे आणि चुकल्यास वर्गाने चित्राकडे बोट दाखवावे. आठवडाभर रोज दहा मिनिटे एवढाच सराव घेतला तरी फरक जाणवू लागतो. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेदही नेपाळी उच्चारात जवळजवळ पुसला गेला आहे, म्हणून ‘सी’ आणि ‘शी’ यांसारख्या जोड्या ऐकवून सुरुवात करावी. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या बाबतीत मात्र आपलाच उच्चार आधी तपासावा.

भारतीय स्वयंसेवकाचा सर्वांत मोठा शत्रू हिंदी. चित्रपट आणि दूरदर्शनमुळे बहुतेक मुलांना ती समजते, आणि वर्ग गोंधळला की आपण नकळत तिच्यावर घसरतो; तासाचा हेतू तेथेच संपतो. त्याऐवजी वर्ग सांभाळण्यापुरती शंभरेक नेपाळी वाक्ये शिकून जावे. 2021 च्या जनगणनेत नेपाळमध्ये 124 मातृभाषांची नोंद झाली आहे, म्हणजे तामाङ किंवा गुरुङ समाजाच्या वस्तीतील मुलासाठी नेपाळी हीच दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा असू शकते. शिक्षकांच्या खोलीतही तोल सांभाळावा. लुंबिनी नेपाळमध्ये आहे, हे विसरून ‘आमच्या बुद्धांविषयी’ बोलणारा पाहुणा तेथे फारसा आवडत नाही आणि भारत-नेपाळ सीमेवरील 2015 च्या नाकाबंदीच्या आठवणीही अजून ताज्या आहेत.

विमानाने जायचे असल्यास पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. 15 वर्षांखालील आणि 65 वर्षांवरील प्रवासी वगळता केवळ आधार कार्ड चालत नाही. टायफॉइड व कावीळ-अ यांच्या लसींबाबत डॉक्टरांशी निघण्याच्या दीडदोन महिने आधी बोलावे. खेड्यात राहायचे असेल तर रेबीजची पूर्वलसही विचारात घ्यावी, कारण कुत्रा चावल्यावर लस मिळणारे रुग्णालय एक दिवसाच्या वाटेवर असू शकते. शाळा 2,500 मीटरपेक्षा उंचावर असल्यास विरळ हवेची सवय होण्यासाठी चढाईत मुक्कामाचे दिवस राखून ठेवावेत.

एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये हा दर 1993 पासून स्थिर असल्याने खर्चाचा हिशेब सोपा जातो. शहरांतील अनेक दुकानांत भारतीय यूपीआय चालते, गावासाठी मात्र रोकड हवीच. सामानात चॉकलेटांऐवजी शिक्षकांना विचारून निवडलेली गोष्टींची पुस्तके न्यावीत आणि ती मुलांना न वाटता मुख्याध्यापकांच्या हाती शाळेच्या ग्रंथालयासाठी द्यावीत.