कालिम्नोसच्या ओव्हरहँगवर (पुढे झुकलेल्या कड्यांवर) या चुका टाळा

ग्रीसमधील कालिम्नोस बेटावर कडे चढायला येणाऱ्यांच्या दरवर्षी त्याच चुका पाहून मला आता कंटाळा आला आहे. त्यातली सर्वांत अक्षम्य चूक म्हणजे खालून दोर सोडणाऱ्याकडच्या मोकळ्या टोकाला गाठ न मारणे; गाठ नसली तर दोर संपताच टोक हातातून निसटते आणि उतरणारा पडतो. उतरवताना दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणून तो मार्गाच्या दुप्पट लागतो. येथील पुष्कळ मार्ग 30 मीटरपेक्षा लांब आहेत, त्यामुळे 60 मीटरचा दोर घरीच ठेवून 80 मीटरचा आणावा, असे माझे मत आहे.

एका ऑक्टोबरमध्ये माझा सोबती 30 मीटरच्या मार्गावरून खाली उतरत होता. आमचा दोर म्हणायला 60 मीटरचा होता. पण झिजलेली टोके आपण दोनदा कापली आहेत, हे दोघांच्याही लक्षात राहिले नव्हते आणि कापणी एकाच बाजूला जास्त झाल्यामुळे मधली खूणही मध्यावर उरली नव्हती. तो जमिनीपासून सुमारे 3 मीटरवर असताना माझ्या बिले डिव्हाइसमध्ये (दोर रोखून धरणाऱ्या साधनात) गाठ येऊन अडकली. सकाळी ती मी केवळ सवयीने मारली होती. शेवटी मी कड्याखालच्या मोठ्या दगडांवर चढत गेलो, तेव्हा कुठे त्याचे पाय टेकले. दोर ओढून घेताना गाठ आड येते, असे सांगणारे उतावळे नवशिके मला अजूनही भेटतात. ती सोडायला लागणारे 5 सेकंद त्यांना फार वाटतात.

ग्रान्दे ग्रोत्तासारख्या गुहेत, खडकात बसवलेल्या बोल्टना लावलेले क्विकड्रॉ (दोर अडकवायचे, पट्टीने जोडलेले दोन हुक) काढत उतरणे हेही वेगळे काम आहे. कडा इतका पुढे झुकलेला असतो की उतरणारा बोल्टपासून दूर हवेत लोंबकळतो, म्हणून हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लावलेला एक क्विकड्रॉ बिलेयरकडच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याकडच्या, दोरात अडकवून यावे. मात्र बोल्टवरचा शेवटचा क्विकड्रॉ काढताच आपण झोका घेत कड्यापासून दूर जातो, म्हणून त्यापूर्वी हार्नेसचा क्विकड्रॉ दोरातून सोडवलाच पाहिजे. अन्यथा झोका घेताना आपण बिलेयरलाही फरफटत नेतो. मी स्वतः दुसऱ्या बोल्टवरूनच झोका घेतो आणि पहिला क्विकड्रॉ नंतर पुन्हा चढून काढतो. झोक्याच्या वाटेत झाड, दगड किंवा माणूस नाही, हे आधी पाहून घेतो.

सह्याद्रीच्या बसाल्टवर तयार झालेले आरोहक येथे हातांवर फार भिस्त ठेवतात. चुनखडीचे लवणस्तंभ आणि ट्युफा (कड्यावरचे चुनखडीचे फुगीर उभे पट्टे) यांच्यामध्ये गुडघा अडकवून हात मोकळे सोडता येतात. नी-पॅड (गुडघ्यावरची रबरी पट्टी) बांधणे म्हणजे फसवणूक, हा समज घेऊन येणाऱ्यांचे हात दुपारपर्यंत दगडासारखे ताठ होतात. पातळ लवणस्तंभ हाताने ठोकून पाहावा, आणि पोकळ वाजला तर त्याच्यावर भार टाकू नये.

हेल्मेट घालावे, कारण वरून शेळ्या दगड पाडतात. बेटावरच्या मासुरी गावावरील बहुतेक कडे पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर तेथे ऊन येते. तेव्हा न्याहारी लांबवू नये.