जळगावहून कोस्ता देल सोल: मुक्काम एक, किनारा सगळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ वर असतो, तेव्हा स्पेनच्या कोस्ता देल सोल किनाऱ्यावरच्या मालागा शहरात दुपारी साधारण २४-२५ अंश असतात. शाळेच्या सुट्टीत स्पेनचा हा दक्षिण किनारा खानदेशातल्या कुटुंबांना म्हणूनच मानवतो. पण समुद्रात मनसोक्त डुंबायचं असेल तर मे चुकीचा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी इथे सतत आत येतं, त्यामुळे मेमध्ये समुद्र १७-१८ अंशांवर असतो आणि भर ऑगस्टमध्येही २२-२३ च्या फार वर जात नाही. फिरणं आणि पोहणं दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. दिवाळीतही हवा छान असते, मात्र नोव्हेंबर लागला की पावसाची शक्यता वाढते.

ऑगस्ट टाळा. हॉटेलं महाग होतात, महिन्याच्या मध्यावर मालागाची जत्रा भरते, आणि वर 'तेराल' आहेच. हा डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा, गरम वारा. आपल्या वैशाखातल्या झळाच. तो सुटला की पारा चाळिशीला टेकतो आणि नेमका त्याच दिवशी समुद्र अंगावर काटा येईल इतका गार लागतो, कारण वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. असा दिवस पिकासो संग्रहालयाला द्या. पिकासोचा जन्म याच शहरात, १८८१ साली झाला.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सुट्टीच्या हंगामात अर्ज द्यायची वेळ मिळणं कठीण जातं, म्हणून तीन महिने आधी हालचाल करा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला स्वतः जावं लागतं. सकाळची वेळ घेतली तर रात्रीच्या गाडीने जाऊन त्याच दिवशी परतता येतं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, त्यावरच शंका घेतली जाते. शेतीचं उत्पन्न आयकर विवरणात नीट दिसत नाही, तेव्हा सातबारा आणि केळी-कापूस विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडा.

मुंबईहून मालागाला थेट विमान नाही. आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदला, किंवा माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने या; ती सुमारे पावणेतीन तास घेते.

मुक्काम मालागा शहरातच ठेवा, आलामेदा किंवा मारिया झांब्रानो स्थानकाजवळ. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलण्यात सामान बांधण्या-सोडण्यातच सुट्टी जाते. सी-१ ही लोकल साधारण दर २० मिनिटांनी सुटते आणि विमानतळ, तोरेमोलिनोस, बेनाल्मादेना करत पाऊण तासात फुएन्खिरोलाला पोचते. सी-२ मात्र आलोराकडे, आतल्या भागात जाते; पाटी वाचूनच चढा. मार्बेया आणि नेर्खाला रेल्वे नाही, बसच.

नेर्खाची गुहा १९५९ मध्ये सापडली. अजिंठा जवळ असलेल्यांना गुहा म्हटलं की लेणी आठवतात. इथे छिन्नीचं काम काही नाही, पाण्यातल्या चुन्याने थेंबाथेंबाने उभे केलेले खांब आहेत, त्यातला एक ३२ मीटर उंच. रोंदा गावचा १७९३ साली पूर्ण झालेला पूल ९८ मीटर खोल दरीवर उभा आहे; तो वरून तर पाहाच, पण दरीतल्या पायवाटेने खाली उतरूनही पाहा, तिथूनच त्याची उंची कळते. कामिनितो देल रेय ही कड्याला लटकवलेली वाट आठ वर्षांखालच्या मुलांना बंद आहे. तिकीट आधी काढावं लागतं, आणि वारा जोराचा असला तर वाट बंद ठेवतात; म्हणून ती शेवटच्या दिवशी ठेवू नका. ग्रानादा शहरातल्या अलहंब्रा या जुन्या किल्ले-महालाचं तिकीट नावानिशी असतं, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. त्यातल्या नासरी महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की महाल हुकले.

आता पोटाचं. दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरं बंद. सातला जेवणाऱ्यांची उपासमार होते. यावर उपाय म्हणजे दुपारीच भरपेट जेवा आणि संध्याकाळी फळं-ब्रेडवर भागवा. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे उशिरा जेवणं फारसं जडही जात नाही.

शाकाहाऱ्यांनी पहिल्यांदा 'बेरेन्खेनास कोन मिएल' मागवावं: तळलेले वांग्याचे काप, वर उसाची काकवी. भरीत खाऊन वाढलेल्या जिभेला हे लगेच पटतं. काकवी नेर्खाजवळच्या फ्रिखिलियाना गावात तयार होते. 'आखोब्लांको' हे बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं गार सूपही चालेल. फसगत मात्र इतर ठिकाणी होते: साध्या सॅलडमध्ये ट्यूना मासा असतो, साल्मोरेखो सूपवर हॅम आणि अंडं, बटाट्याच्या तोर्तियात अंडं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण हॅमला तिथे मांसात धरतीलच असं नाही. 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो' (मांस, हॅम, मासा, अंडं नको) हे चारही शब्द म्हणा. मान्तेकादो ही गोड वडी वरून निरुपद्रवी दिसते, पण ती डुकराच्या चरबीत केलेली असते.

घरून शेव, बिबडी, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा नको; युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे. आंबाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. केळीला मात्र त्या प्रमाणपत्रातून सूट आहे, तेव्हा रावेरची अर्धकच्ची फणी सामानात नेता येते. शरदात गेलात तर मालागाच्या पूर्वेकडचे आंबे आणि सीताफळाची बहीण असलेली चिरिमोया बाजारात दिसेल. दोन्ही घ्या.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पिवळा असेल तर कमरेच्या वर नाही. वारा गार असल्यामुळे कातडी भाजते ते कळत नाही, टोपी काढू नका. जेलीफिश डसली तर चोळू नका आणि नळाचं पाणीही ओतू नका, त्याने उरलेल्या नांग्या फुटून विष आणखी पसरतं. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाच्या चौकीवर जा.